सुईण पडद्यावर, बाळंतीण घरात

साशंक : तुझा व्हिडिओ पाहिला. बाळाला अंगावर कसं घ्यायचं ते दीड मिनिटात सांगितलंस. तोंड मोठं उघडू दे, हनुवटी स्तनाला टेकू दे, नुसतं बोंड नको, भोवतीचा काळा भागही बाळाच्या तोंडात जाऊ दे. चूक एकही काढता येणार नाही. तरी माझी हरकत आहे. वॉर्डात तुला शिकवलं ते हे, की आधी बाई बघायची, मग बोलायचं. कुणाचं बोंड आत ओढलेलं असतं. कुणाचे टाके इतके ठणकत असतात की तिला धड बसवत नाही. कुणाचं बाळ आठव्या महिन्यात आलेलं, दोन घोट ओढून दमतं. तिघींना तीन वेगळ्या गोष्टी सांगाव्या लागतात. तू कुणाला न बघता बोललीस आणि सगळ्यांना एकच बोललीस. याला आरोग्यशिक्षण म्हणायचं, तर दवाखान्याच्या भिंतीवरच्या पोस्टरलाही म्हणावं लागेल.

उत्साही : पोस्टरला आपण वर्षानुवर्षं म्हणतच आलोय, मॅडम. आणि वॉर्डात तरी आपण प्रत्येकीला बघून बोलतो का? सकाळच्या राउंडला खाटा भरलेल्या. ‘अंगावर पाजा, टाके कोरडे ठेवा, गोळ्या चुकवू नका’ एवढं म्हणून पुढच्या खाटेकडे. साधं बाळंतपण असेल तर दोन दिवसांत सुट्टी. दूध भरून येतं तिसऱ्या-चौथ्या दिवशी. छाती दगडासारखी होते, बोंडाला चिरा पडतात, अंगात ताप भरतो, बाळ रात्रभर रडतं, तेव्हा ती घरी असते. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. मधल्या रात्रींचं काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली जवळपास ८९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. पण जन्मल्यावर पहिल्या तासात आईचं दूध मिळालेली बाळं ४२ टक्केच. म्हणजे बाई आपल्या दारात आली, बाळ आपल्या हातावर आलं, आणि तरीही चीक त्याच्या पोटात वेळेवर गेला नाही. वॉर्डातलं शिक्षण एवढं पक्कं असतं, तर हा आकडा असा दिसला नसता.

साशंक : तो आकडा फोनच्या बाजूने बोलत नाही. वॉर्डात हात कमी आहेत, एवढंच तो सांगतो. पहिल्या तासात बाळ छातीशी लावायला तिथे उभी असलेली सिस्टर लागते, व्हिडिओ लागत नाही. आणि फोनचा प्रयोग सरकारने करून पाहिलाच आहे. ‘किलकारी’ घे. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक, असे ७२ रेकॉर्ड केलेले निरोप. मध्य प्रदेशात त्याची रीतसर चाचणी झाली, तेव्हा निव्वळ स्तनपानाच्या प्रमाणात फरक दिसला नाही. आता दुसरीकडे गडचिरोली बघ. ‘सर्च’ने ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम केलं, त्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. इतर गावांच्या तुलनेत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. तिथे काय होतं? गावातलीच बाई शिकवून तयार केली होती. ती घरात जात होती, बाळाचं वजन करत होती, श्वास मोजत होती, गरज पडली तर इंजेक्शन देत होती. बाई घरात गेली म्हणून बाळं वाचली.

उत्साही : गडचिरोलीत आयांना शिकवणं हाही त्या कामाचाच भाग होता, तो वगळून चालणार नाही. आणि मध्य प्रदेशातली ती चाचणी पुढे वाचली, तर तिच्यात आणखी एक गोष्ट सापडते. स्तनपानात फरक पडला नाही, पण गर्भनिरोधक साधनांचा वापर थोडा वाढला. मला त्यातून हे कळतं, की जिथे नवरा-बायकोने ठरवायचं असतं, तिथे कानावर पडलेली माहिती कामी येते. जिथे हाताचं कसब लागतं, तिथे नुसता आवाज अपुरा पडतो. म्हणून तर मी ऑडिओवर न थांबता बाहुली आणि कापडी स्तन घेऊन दाखवते. बाई बाळ मांडीवर घेऊन तेच चार वेळा बघते, थांबवते, पुन्हा लावते. मला वॉर्डात चार वेळा विचारायला ती लाजते. शिवाय किलकारीला उलट प्रश्न विचारता येत नाही, माझ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो. इंग्लंडमध्ये सॅल्फर्ड विद्यापीठाने असेच बंद फेसबुक गट चालवून पाहिले. तीसएक गरोदर बायका, आणि गटात उत्तर द्यायला नोंदणीकृत सुइणी. इंटरनेटवर सतरा जणी सतरा गोष्टी सांगतात, इथे मात्र आपल्या ओळखीची सुईण बोलते, म्हणून विश्वास बसतो, असा बायकांचा अनुभव होता. अभ्यास लहान आहे, हे मला मान्य आहे.

साशंक : लहान आहे म्हणूनच चालला. तीस बायका, ओळखीच्या सुइणी, दार बंद. तुझ्या चॅनेलला दार कुठे आहे? तिथे तुझ्यानंतर कुठला व्हिडिओ लागेल ते तू ठरवत नाहीस. तू चिकाबद्दल सांगून संपवलंस की पुढे पांढरा कोट घातलेलं कुणीतरी ‘नॉर्मल डिलिव्हरीची खात्री’ विकत असतं. त्याच्यापुढे गर्भसंस्काराचा महागडा क्लास. त्याच्यापुढे घरीच बाळंत झालेल्या बाईची कौतुकगाथा. बघणारीला हे सगळे सारखेच दिसतात. २०१८ साली तमिळनाडूत तिरुप्पूरला काय झालं आठवतंय ना? यूट्यूबवर बघून घरीच बाळंतपण करायला गेले आणि ती बाई रक्तस्रावाने गेली. पडद्यावर माणूस किती आत्मविश्वासाने बोलतो, यावर विश्वास बसतो. त्याला काय येतं आणि त्याची नोंदणी कुठे आहे, हे कोण विचारतं?

उत्साही : तिरुप्पूर तर माझ्या बाजूचं उदाहरण आहे. तो फोन त्या घरात तुम्ही-आम्ही यायच्या आधीच पोचला होता. आपण गप्प बसलो म्हणून तो गप्प बसत नाही. डबाबंद दुधाच्या कंपन्यांचंच बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली त्यांच्या डिजिटल जाहिरातींचा अभ्यास केला. त्या कंपन्यांच्या खात्यांवरून दिवसाला सुमारे ९० पोस्ट पडत होत्या आणि त्या जवळपास २३ कोटी लोकांपर्यंत जात होत्या. स्तनपानाची माहिती देणाऱ्या, काहीही न विकणाऱ्या खात्यांच्या तिप्पट माणसं. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक केला, डबाबंद दुधाची जाहिरात करायला बंदी आहे. पण एखादी लोकप्रिय आई बाळाच्या खोलीचं कौतुक दाखवते आणि मागच्या फळीवर डबा दिसतो, त्याला जाहिरात कोण म्हणणार? बाजाराने दुकान मांडलंय. तिथे आपली एकही बाई उभी नसावी, हे तुम्हाला शहाणपणाचं वाटतं?

साशंक : उभी राहा. पण त्या बाजारात उभं राहायचं, तर बाजाराच्या आवाजात ओरडावं लागतं, हे तूच बघतेयस. ‘गरोदरपणात या ५ चुका कधीच करू नका’ असं वर लिहिल्याशिवाय कुणी थांबत नाही. म्हणजे बाई आधी घाबरते, मग शिकते. जिचं सिझेरियन झालं, तिला नॉर्मल बाळंतपणाचे सोहळे बघून वाटतं, आपणच कमी पडलो. जिला दूध कमी येतं, ती छातीतून धारा लागलेली आई बघून रडत बसते. पहिल्या दहा-बारा दिवसांत तसंही मन हळवं असतं. ते दोन आठवड्यांपुढे लांबलं, तर आपण तिला डॉक्टरकडे पाठवायचं असतं, आणि इथे आपणच तिच्या मनावर भार टाकतो. शिवाय लेबर रूममध्ये गाणं लावून काढलेल्या रील्स मी पाहिल्या आहेत. मागे टेबलावर बाई कळा देतेय आणि पुढे आमच्याच शिकवलेल्या मुली हातवारे करतायत. तिची परवानगी कुणी घेतली? कळा येत असताना दिलेल्या परवानगीला परवानगी म्हणायचं का?

उत्साही : लेबर रूमच्या रील्सबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्या बंदच व्हायला हव्यात. मी कुठल्याही बाईचा किंवा बाळाचा चेहरा दाखवत नाही, आईने ‘दाखवा’ म्हटलं तरी. भीतीच्या मथळ्याबद्दल मात्र एक सांगते. माझे सर्वांत जास्त बघितलेले व्हिडिओ घाबरवणारे नाहीत. सासवांना बोलावणारे आहेत. ‘आजी, बाळाला मध का चाटवायचा नाही’ हा त्यातला एक. पाचवीच्या आधी मध, घुटी, साखरेचं पाणी देणारी आजी सुनेचं ऐकत नाही, माझं ऐकते, कारण मी अहिराणीत बोलते आणि तिला ‘आजी’ म्हणते. मधातून येणाऱ्या जंतूने लहान बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात, हे सुनेने सांगितलं तर उद्धटपणा ठरतो. मोबाइलमधल्या नर्सबाईने सांगितलं तर घरात कुणाचा मान जात नाही. २०२१ च्या जुलैत गरोदर बायकांना कोविडची लस द्यायला सुरुवात झाली, तेव्हा मूल पडेल, वांझपण येईल अशा अफवा याच फोनवरून फिरत होत्या. त्यांना माघारी लावायला मलाही याच फोनवरून बोलावं लागलं. पत्रकं वाटून ते होणार नव्हतं.

साशंक : ‘याच फोनवरून’ म्हणतेस, पण फोन कुणाचा असतो? तू सांगितलेल्याच सर्वेक्षणात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका देशात ३३ टक्के होत्या, पुरुष ५७. स्वतःच्या हाताने वापरायचा मोबाइल असलेल्या बायका ५४ टक्के. म्हणजे जिला सगळ्यात जास्त गरज, तिच्या हातात तो नाही. मेळघाटातली कोरकू बोलणारी पोर, नंदुरबारच्या डोंगरातली पावरी बोलणारी पोर, यांच्यापर्यंत तुझी अहिराणीही पोचत नाही. आणि फोन हातात असला, तरी तो नवराही बघतो, दीरही बघतो. बाळंतपणानंतर अंगावरून वास येणारं पाणी जातंय, संबंधांच्या वेळी दुखतं, तिसरं मूल नकोय, हे ती ग्रुपवर कसं लिहील? तिचा प्रश्न दुसऱ्याने वाचला, तर घरात मार खाण्याची पाळी येईल. आपण ‘सुरक्षित जागा’ म्हणत राहतो आणि ती जागा घरातल्या चार जणांच्या बोटाखाली असते.

उत्साही : ते आकडे जुने आहेत. त्यानंतर स्वस्त फोन आणि स्वस्त डेटा गावात खूप खोलवर गेले. पण तुमचा मुद्दा जुना झालेला नाही, हे मी कबूल करते. म्हणूनच नाजूक प्रश्न ग्रुपवर घेत नाही, वेगळा फोन करायला सांगते. मात्र फोनमुळे नेमकी कुणाची सोय होते, तेही बघा. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या-आठव्या महिन्यात ती आशाताई बदलते, सिस्टर बदलते, दवाखाना बदलतो. कार्ड पिशवीत जातं, पण तिची हकीकत माहीत असलेलं माणूस मागे राहतं. बीडच्या ऊसतोड कामगार बाया बघा. दिवाळीच्या आसपास टोळीबरोबर सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात जातात. पोटात बाळ, डोक्यावर मोळी, कोपीत मुक्काम. तिथल्या आशाताईच्या यादीत त्यांचं नावच नसतं. त्या महिन्यांत तिच्याजवळ तिला ओळखणारं एकच माणूस उरतं, तेही फोनमध्ये. तुम्ही म्हणता बाई घरात गेली पाहिजे. जिचं घरच हलतं, तिच्या घरात कोण जाणार?

साशंक : हे मात्र मी मान्य करते. तिथे फोन नसेल तर काहीच नाही. पण मग माझा खरा प्रश्न इथेच येतो. समज, आठव्या महिन्यातली एक बाई रात्री दोन वाजता ग्रुपवर लिहिते, ‘संध्याकाळपासून बाळ हलत नाही.’ तू झोपलीस. ग्रुपवरची दुसरी कुणी जागी आहे, ती लिहिते, ‘गोड खा, डाव्या कुशीवर झोप, हलेल.’ तिसरी लिहिते, ‘माझंही असंच झालं होतं, काही होत नाही.’ दोघींनी प्रेमाने लिहिलं. ती थांबते. सकाळी साताला तू बघतेस. ग्रुप नसता, तर कदाचित तिने आईला उठवलं असतं, आईने १०८ ला फोन लावला असता. तू तिला एक दार दाखवलंस आणि रात्री त्या दारात कुणीच नव्हतं. आता सांग, ही जबाबदारी कुणाची?

उत्साही : म्हणून ग्रुपच्या माथ्यावर कायमचा एकच निरोप लावलाय. बाळाचं हलणं कमी वाटलं, अंगावरून लाल गेलं, पाणी गेलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, फिट आली, ताप आला, तर ग्रुपवर विचारायचं नाही, गोड खाऊन वाट बघायची नाही, थेट दवाखाना, १०८. या गोष्टींना बाई बघून ठरवायची गरज नसते, सगळ्यांना उत्तर एकच. इथे तुमचा पहिला आक्षेप लागू होत नाही. न बघता सांगितलेलं सर्वसाधारण वाक्यच इथे जीव वाचवतं. आणि खरं सांगू? बहुतेक रात्री मी उठून बघतेच.

साशंक : आणि सकाळी आठला ड्युटीवर जातेस. तो जागरणाचा तास कुणाच्या हिशेबात आहे? ओपीडी, लसीकरण, नोंदी, पोर्टलवर माहिती भरणं, आणि वर हे. फुकट. एखादे रात्री नाही उठलीस आणि काही झालं, तर नातेवाईक ग्रुपचा स्क्रीनशॉट घेऊन तुझ्या दारात येतील. डॉक्टरांसाठी २०२० च्या मार्चमध्ये टेलिमेडिसिनचे नियम निघाले: नोंद कशी ठेवायची, संमती कशी घ्यायची, काय फोनवर सांगायचं आणि काय नाही. आपल्यासाठी डिसेंबर २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं आली, नर्सला १८ महिने शिकवून स्वतंत्रपणे बाळंतपण करणारी मिडवाइफ बनवायचं ठरलं. २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा झाला. फार चांगलं झालं. पण तुझ्या रात्री दोनच्या उत्तराचं मोल आणि त्याची जोखीम कुठे मांडलीय, ते मला दाखव. पदर खोचून पुढे होणारी बाई मिळाली, की व्यवस्था तिच्यावर भार टाकून मोकळी होते. आशाताईंच्या बाबतीत आपण हे बघितलं आहे.

उत्साही : म्हणजे तुमचा आक्षेप हलला, मॅडम. सुरुवातीला म्हणालात, बघितल्याशिवाय बोलू नको. आता म्हणताय, बोललीस तर उत्तराला बांधील राहा.

साशंक : हलला, कारण तू हलवलास. आता तो नीट मांडते. सांगणं आणि उत्तर देणं ही दोन वेगळी कामं आहेत. सांगणं लाख जणींना करता येतं. त्याला चांगला व्हिडिओ पुरे, आणि तो तू करावास, यावर आता माझी हरकत नाही. उत्तर देणं मात्र जिची हकीकत माहीत आहे तिलाच देता येतं, आणि त्याला मर्यादा आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात, म्हणून एका सिस्टरच्या डोक्यात तेवढ्या गरोदर बाया मावत नाहीत. उपकेंद्राचा मूळ हिशेब घे. मैदानी भागात ५,००० लोकसंख्या, आदिवासी भागात ३,०००. आजच्या जन्मदराने मैदानी उपकेंद्राच्या हद्दीत वर्षाला पाऊणशे-शंभर बाळंतपणं. तेवढ्या जणींना एक बाई ओळखू शकते. गट तेवढाच ठेव. बाकीच्यांना व्हिडिओ दे, उत्तराचं आश्वासन देऊ नकोस.

उत्साही : कागदावर हे बरोबर दिसतं. पण ही दोन कामं वेगळी केली, की पहिलं कामही दुबळं होतं. आजी माझं मधाबद्दलचं ऐकते, कारण मागच्या वर्षी तिच्या सुनेच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं होतं. उत्तर देणारी बाई आहे, म्हणून सांगणारीवर विश्वास आहे. नुसती सांगत राहिले, तर मी आणि डबा विकणारी यांत बघणारीला फरक काय दिसणार? आणि तुमचा हिशेब उपकेंद्राचा. शहरात काय? पिंपरीत, ठाण्यात, नवी मुंबईत भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारी, सासर-माहेर दोन्ही लांब, खासगी दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी बाळ घेऊन आलेली. तिचं उपकेंद्र कुठलं? तिच्या यादीत कुठली सिस्टर आहे? ती मला रात्री अनोळखी म्हणून विचारते. मी तिला सांगू का, की तू माझ्या शंभरांत नाहीस?

साशंक : याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण ती तुझ्या शंभरांत नाही, ही गोष्ट तू तिच्यापासून लपवलीस तर ती फसवणूक आहे, एवढं मला कळतं. तिला आधी सांग, की मी तुला ओळखत नाही, तुझी कागदपत्रं बघितलेली नाहीत. मग जे सगळ्यांना सांगते तेच सांग, आणि कुठे जायचं ते सांग.

उत्साही : तेवढं सांगून तिचं समाधान होणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. तिला कुणीतरी आपलं म्हणणारी हवी असते. आणि मी ती व्हायचं टाळलं, तर दुसरी कुणी होईल, जी काहीतरी विकत असेल. म्हणून शंभरांची मर्यादा मला पटते आणि पाळता येत नाही, असं दोन्ही आहे.

साशंक : मग निदान ज्यावर आपलं दोघींचं एकमत आहे, ते मोठ्याने मागू. जिथे बाईला प्रश्न विचारता येतो, अशा प्रत्येक गटावर उत्तर देणारीचं नाव, तिचा नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि उत्तर मिळण्याच्या वेळा लिहिलेल्या असाव्यात. त्या वेळांबाहेर काय करायचं, तेही लिहिलेलं असावं. तो वेळ सिस्टरच्या ड्युटीत धरावा, त्याचा पगार मिळावा आणि तिच्या चुकीची जबाबदारी तिच्या एकटीवर पडू नये. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या कार्डावर तिच्या गावच्या सिस्टरचा नंबर असावा आणि त्या सिस्टरला तिच्यासाठी वेळ असावा. आणि हे वाचणाऱ्या गरोदर बाईला, तिच्या सासूला, नवऱ्याला एवढंच सांगणं आहे : फोनवर कितीही गोड बोलणारी सापडली, तरी तिला आधी विचारा, ‘तुमची नोंदणी कुठे आहे, आणि आज रात्री काही झालं तर तुम्ही फोन उचलाल का?’ दोन्हींचं सरळ उत्तर आलं नाही, तर व्हिडिओ बघा, पण सल्ला आपल्या सिस्टरचाच घ्या.